सिस्टर, अकराच्या अकरा भरल्या

सिस्टर,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. डिस्चार्जच्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता, "नाव कशाला अक्का, ड्यूटीच हाय ती आमची." पण तासगाव तालुक्यातली अंगणवाडीची बाई, हिरव्या बांगड्यांची, एवढं वाचलं की तुम्हाला कळेल.

पत्र तीन महिने डोक्यात आहे. लिहायला बसलं की आधी रडू यायचं, मग राग यायचा, तोवर तव्यावरची भाकरी करपायची. आज सुट्टी आहे, मालक खरड छाटणीला बागेत गेलेत, घरात कुणी नाही. आज लिहूनच टाकते.

आधी राग काढते, म्हणजे मन मोकळं होईल. दोन वर्षं मला दम लागत होता. पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढायचा म्हटलं तरी मध्ये दोनदा थांबायचे. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली. दुसरे म्हणाले, पाळी जायचं वय आहे, असं होतंच. तिसऱ्यांनी टॉनिक दिलं. ह्यांपैकी एकानंच स्टेथोस्कोप लावला, तोही पदरावरनं, आणि लावताना फोनवर कुणाशी तरी प्लॉटचं बोलणं चाललं होतं.

मग भाचीच्या लग्नात मांडवातच चक्कर येऊन पडले. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. ईसीजीचा चिमटा मनगटाला बसेना, तर तिथला पोरगा म्हणाला, "फोडा की ह्या! किती घातल्यात!" आणि हातातल्या पक्कडीनं एक बांगडी कडकन मोडली. आपल्यात बांगडी फुटली असं तोंडानं म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. मालक शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. खाली वाकून काचा वेचल्या आणि खिशात घातल्या. लग्नाच्या गडबडीत जेवण झालं नसेल, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

आजार सापडला तो पोरांमुळं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तसं आलं होतं. मी वजनकाट्यापासून कपाटापर्यंत रजिस्टर आणायला गेले आणि धापा टाकत परत आले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बाई, तुम्हीपण बसा ह्या रांगेत." चार वर्षांच्या पोरांच्या रांगेत मी बसले. पोरांना केवढी गंमत. मॅडमनी बराच वेळ ऐकलं, पाठीमागनं ऐकलं, गळ्याशी ऐकलं, आणि विचारलं, "एवढा मोठा आवाज येतोय, आजवर कुणी ऐकला नाही?" काय उत्तर देणार! त्याच दिवशी त्यांनी टूडी एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी लिहून दिली. त्यांचेही उपकार आहेत, पण त्यांना मी तोंडावर सांगून आलेय.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते, माझी जन्मापासून दोनच पाकळ्यांची. शंभरात एखाद्या-दुसऱ्याची असते म्हणे अशी. ती कडक होऊन आकसली होती आणि तिच्या वरची मोठी शीर फुगून ५.६ सेंटीमीटर झाली होती. एरवी ती साडेतीनच्या आत-बाहेर असते. ५.५ च्या पुढं गेली की थांबण्यात अर्थ नसतो, आतून कधी चिरेल नेम नाही, असं तुमच्या डॉक्टर सरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. टॉनिकनं ही शीर कशी आवळणार होती, ते त्या तिसऱ्या डॉक्टरांना एकदा विचारून यावं म्हणते.

झडप आणि शीर दोन्ही एकदम बदलायचं ऑपरेशन, बेंटाल नावाचं. मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलं की ते १९६८ पासून करतात. माझा जन्म १९७८ चा. म्हटलं बरं झालं, माझ्यावर काही नवीन करून बघत नाहीत. आत घातलेली नळी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरचंच कापड. गणवेशाची साडी पॉलिस्टरची म्हणून आम्ही सेविका इतकी वर्षं कुरकुर करतोय, आणि आता काळजालाच तेच कापड! योजनेचे कागद, सह्या, रक्तदाते, ते सगळं भावानं आणि आरोग्यमित्रानं बघितलं, त्यात मला काही कळलं नाही.

मला आठवते ती आदली रात्र. मिरजेचा तो वॉर्ड, साडेनऊ वाजून गेलेले. औषधाच्या साबणानं अंघोळ झाली. मंगळसूत्र आणि जोडवी काढून मालकांच्या हातात दिली. बांगड्या निघेनात. लग्नासाठी कासारणीनं माझ्या दोन-सहाच्या हातात दोन-चारच्या दाबून दाबून भरल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "वाढवायला लागतील." मी आपणहून हात पुढं केला. म्हटलं वाढवा, आता काय राहिलंय.

तुम्ही पलीकडच्या पेशंटचं सलाईन बदलत होता. तिथनंच म्हणालात, "थांबा मावशी."

स्टूल ओढून बसलात. एक हातमोजा काढून माझ्याच हातावर चढवलात, त्यावर साबणाचा फेस चोळलात, माझा अंगठा तळव्यात दाबून धरलात आणि एक एक बांगडी मोज्यावरनं पुढं सरकवायला लागलात. "आमच्या जतकडं बळे म्हंत्यात ह्यास्नी," म्हणालात. उद्या मनगटाच्या शिरेत नळी घालतात, मग हाताला सूज येते, म्हणून काढाव्या लागतात, नाहीतर मी हात लावला नसता, असंही म्हणालात. मध्ये दोनदा बेल वाजली, दोनदा उठून गेलात, आणि दोन्ही वेळा परत त्याच स्टुलावर येऊन बसलात. अर्धा-पाऊण तास तरी गेला असेल. मालक दाराशी उभे राहून बघत होते.

मग बांगड्या गॉजच्या तुकड्यात गुंडाळल्यात, वर चिकटपट्टी लावलीत आणि पेनानं लिहिलंत: 'बांगड्या ११, हिरव्या, काच'. मी म्हटलं, मोजायच्या कशाला? तर पुडी खिशात ठेवता ठेवता म्हणालात, "मोजून घेत्याली न्हवं तुम्ही माझ्याकडनं, शुद्धीवर आलासा की?"

सिस्टर, त्या दिवशी सकाळपासून मला धोका किती टक्के, काय काय होऊ शकतं, हेच सांगत होते. सांगायलाच लागतं, सह्या घ्यायच्या असतात, त्यांचा दोष नाही. पण मी परत येऊन हिशेब मागणार आहे, हे एवढ्या सहज धरून चालणाऱ्या तुम्ही एकट्या. मी अंगणवाडीत वीस वर्षं पोरांची वजनं लिहितेय. ज्याची नोंद केली त्याची पुढच्या महिन्यात वाट बघायची असते, हे मला तरी सांगायला नको. त्या रात्री मला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आयसीयूत आलात. घशातली नळी निघाली होती, आवाज फुटत नव्हता. पुडी पोटावरच्या चादरीवर सोडलीत आणि म्हणालात, "मोजा." मी मोजल्या, दहा भरल्या. परत मोजल्या, अकरा. "आता भरायच्या न्हाईत, सूज उतरू द्या," म्हणून पुडी उशाखाली सारलीत आणि निघूनसुद्धा गेलात.

लोक माणुसकी म्हणजे गोड बोलणं समजतात. तुम्ही काही गोड बोलणाऱ्या नाही. मालक चोरून वडापाव घेऊन आले, तर वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलंत. उशी छातीशी धरून खोकायचं म्हणून सांगितलेलं मी विसरले, तर मलाही सोडलं नाहीत. गोड तर तो प्लॉटवाला डॉक्टरही बोलायचा. हातातलं काम सोडून दुसऱ्याच्या काकणासाठी साबण कालवत बसणं, त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही, पण आमच्या गावात असं करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच आहेत.

आता तब्येतीचं. टाकीचा चढ न थांबता चढते. रक्त पातळ व्हायची गोळी जन्मभर आहे, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. मेथी बंद नाही केली, तुम्ही सांगितल्यासारखी आठवड्याला ठरलेली तेवढीच खाते. नवीन झडप रात्री टिकटिकते. पहिल्या रात्री मालक उठून घड्याळ शोधत होते. अंगणवाडीतली पोरं कुशीत शिरून कान लावतात, "बाई, तुमच्या पोटात घड्याळ हाय?" म्हणतात. पोरं उचलायला इतके दिवस बंदी होती, ती आता उठली.

सख्ख्या नात्यात तपासून घ्या म्हणाला होता, म्हणून भावाचा आणि मुलाचा एको केला. मुलाचं सगळं ठीक आहे. भावाची झडपही दोन पाकळ्यांचीच निघाली, पण शीर चारच्या आत आहे. दरवर्षी बघायचं आहे. तोही आता कुठं दम लागला की गॅस म्हणत नाही.

बांगड्या परत भरल्या. बारावी भरायची म्हणून कासारणीकडं गेले होते, पण तो हिरवा रंग जुळेना, म्हणून अकराच ठेवल्यात. तुमची चिकटपट्टी आयएनआरच्या वहीच्या पहिल्या पानावर लावलीय.

येत्या मंगळवारी रक्त तपासायला मिरजेला येतेय. आमच्याच शेडवरचे दोन किलो बेदाणे आणणार आहे. ड्यूटी कुठली आहे तेवढं कळवा. नाइट असेल तर वॉचमनकडं ठेवते, चिठ्ठीवर वजन लिहून. मोजून घ्या.

तुमची,
अंगणवाडीची अक्का