चंदेरी कार्डावर गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाचंही नाव येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी खेड्यापाड्यातल्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) झाली. माझी पुतणी अमेरिकेत एका काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) आरोग्य खात्यात आहे, हॉटेलं तपासायची, खासगी विहिरींचं पाणी बघायचं, सेप्टिक टँक बघायचे, म्हणजे आम्ही इथं करायचो साधारण तेच. मागच्या महिन्यात फोनवर तिने त्यांच्याकडच्या दोन अवॉर्डबद्दल सांगितलं, तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं.

एक वॉल्टर मॅनगोल्ड अवॉर्ड. तिथल्या पर्यावरण आरोग्यवाल्यांची १९३७ सालची राष्ट्रीय संघटना आहे, तिचा हा सगळ्यात मोठा मान, आणि तो एका माणसाला मिळतो, त्याने वर्षानुवर्षं केलेल्या कामासाठी. दुसरं क्रम्बाइन अवॉर्ड, ते शहराच्या किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याला, अन्नसुरक्षेच्या कामाबद्दल. हे डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन कॅन्सस राज्याचे आरोग्य अधिकारी होते. त्या काळी रेल्वेत सगळ्यांसाठी पाणी प्यायला एकच कप असायचा, टीबीच्या पेशंटने प्यायलेल्या कपाने लगेच लहान पोरगी पाणी पितेय हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि १९०९ साली तो कपच बंद करायला लावला. माशा मारायची मोहीम काढली, फुटपाथच्या विटा भाजायच्या आधी त्यावर 'फुटपाथवर थुंकू नका' असं उठवून घेतलं. विटेवर! मला तर हा माणूस फारच आवडला.

आता आपलं बघा. आपल्याकडे बक्षिसं नाहीत असं मी म्हणणार नाही, २००० साली सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान मी जवळून बघितलंय, त्याने गावं खरंच बदलली, नंतर निर्मल ग्राम आलं. पाण्याचं तर कार्डच आहे, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्रोतांचं सर्वेक्षण होतं, जोखीम बघून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं, आणि सलग ५ वर्षं हिरवं राहिलं, साथ आली नाही, तर चंदेरी. पण हे सगळं गावाला मिळतं. नर्सताईंना १९७३ पासून फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, तो नाव घेऊन दिला जातो आणि ते योग्यच आहे. पाण्यात टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकणाऱ्याचं नाव घेऊन राज्य पातळीवर पुरस्कार दिलेला मी माझ्या अख्ख्या नोकरीत बघितला नाही.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात जलसुरक्षक, म्हणजे गावचं पाणी शुद्ध करून सोडणारा माणूस होता, गावात त्याला नुसतं पाणीवाला म्हणायचे. पहाटे ५ ला उठून बादलीत टीसीएल कालवायचा, हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण त्याला तोंडपाठ, अर्धा तास चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, तासभर थांबायचं आणि मगच व्हॉल्व्ह फिरवायचा. बायका ओरडायच्या पाणी उशिरा सोडतो म्हणून, काही जण वास येतो म्हणून भांडायचे, पण हा ऐकायचा नाही. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो ती) टाकीजवळ करून मोकळा नाही व्हायचा, पार शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला जाऊन करायचा, कारण टाकीजवळ पिवळा रंग येतोच, क्लोरीन संपतो तो टोकाला. एका पावसाळ्यात शेजारच्या गावात पाइप फुटून गटाराचं पाणी शिरलं आणि शाळेत खाटा टाकून आम्ही सलाइन लावत होतो, ह्याच्या गावात एक पेशंट नाही. पुढे त्या गावाला चंदेरी कार्ड मिळालं. स्टेजवर सगळे होते, हा खाली मांडव बांधायला लावलेला. त्याचा पगार तेव्हा ४ महिने थकलेला होता. मी तिथं होतो आणि मीपण काही बोललो नाही, ते आजही टोचतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे) पेशंट निघाले तेव्हा टीव्हीवर सगळे क्लोरीनबद्दल बोलायला लागले. चांगलंच झालं, पण ती चौकशी पेशंट निघाल्यावर.

म्हणून माझी आरोग्य आणि पाणीपुरवठा खात्याला विनंती आहे की जिल्ह्याला एक तरी पुरस्कार जलसुरक्षक, आरोग्य सेवक, डासअळी शोधत घरोघर फिरणारे कर्मचारी ह्यांच्यासाठी सुरू करा, माणसाच्या नावाने. आणि निवड फाइल आणि फोटोंवर करू नका, नाहीतर जो फाइल चांगली करतो त्यालाच मिळेल. जुलै महिन्यात न सांगता जा, शेवटच्या नळाला ओटी घ्या, क्लोरीन ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) मिळतोय का बघा, टीसीएल कोरड्या जागी ठेवलंय का पोतं उघडं आहे ते बघा, शेवटच्या वस्तीतल्या बायकांना विचारा. पुरस्काराआधी ह्या लोकांचा पगार वेळेवर होतो का हेही बघा, ते राहिलं तर शाल-श्रीफळाला काही अर्थ नाही.

आणि हे सगळं सुरू व्हायला वेळ लागणार असेल तर निदान कार्ड देताना सरपंच, ग्रामसेवकांच्या बरोबरीने जलसुरक्षकाचं नाव त्यावर लिहा आणि कार्ड त्याच्या हातात द्या. पावसाळ्यानंतरच्या सर्वेक्षणापासूनच हे करता येईल, त्याला वेगळा निधी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक, जि. सातारा