वुकाश कुबोतचे जोडीदार मोजताना

व्रॉत्सवाफ, रविवार रात्र

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

अंताल्याहून तुझा मेसेज मिळाला. "पोचलो." पूर्वी निदान "पोचलो, जेवलो" असायचं. असो.

फोनच केला असता, पण फोनवर मी बोलायला लागले की तू "हं, हं" करतोस आणि माझा आवाज चढतो. म्हणून कागदावर लिहिते आणि फोटो काढून पाठवते. अक्षर लागलं नाही तर ताईला विचार, मला विचारू नकोस.

शुक्रवारचं आधी उरकते. टेनिसमधली एकेरी सोडून यापुढे फक्त देबेल, म्हणजे दुहेरी, खेळणार, असं तू जेवताना जाहीर केलंस. तुझा जोडीदार समोर भाकरी मोडत बसला होता. आणि मी मराठीत म्हणाले, "आणि हा उद्या दुसऱ्याचा हात धरून गेला म्हणजे?" त्याला "पुरे", "गरम" आणि "अजून वाढ" एवढंच येतं अशी माझी समजूत. तो उठला, ताट विसळून ठेवलं, "जेंकुये, पानी", म्हणजे "आभारी आहे, बाई", म्हणाला आणि बूट घालायला लागला. पिठलं अर्धं टाकून. आठ वर्षांचा असल्यापासून तो त्याच पोचा आलेल्या ताटात जेवतोय आणि आजवर त्याने पानात काही टाकलेलं मला आठवत नाही. चुकलंच माझं. त्याला तसं सांग. मी पोलिशमध्ये सांगायला गेले तर विभक्ती चुकून आणखी काहीतरी भलतंच व्हायचं.

("पानी" वरून आठवलं. आजी इथे आली होती तेव्हा जो येईल तो "जेन दोब्री, पानी" म्हणायचा आणि ती तांब्या-भांडं घेऊन उभी. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर दोन भांडी पाणी प्यायलं होतं, बिचारे.)

त्या रात्री झोप लागली नाही. लॅपटॉप उघडून मी तुझ्या त्या पोलिश टेनिसवाल्या कुबोतचे देबेलमधले जोडीदार मोजत बसले. हेतू चांगला नव्हता, खरं सांगते. तू सारखं कुबोत कुबोत करतोस ना, तर त्याच्याच कारकिर्दीतून तुला खोडून काढायचं होतं. हिशेबनीसाची जात आहे, रकाने पाडले. ऑस्ट्रियाचा माराख. मग लिंडस्टेट. मग मेलो. मग कोल्होफ. मग पुन्हा मेलो. आणि मधले किरकोळ निराळेच. माझा मुद्दा सिद्ध झाला म्हणून मी स्वतःला चहा केला. तोही बोलेस्वाव्येत्सच्या त्या निळ्या ठिपक्यांच्या मगमध्ये. कुबोत त्याच गावात जन्मला हे तूच मला सांगितलं होतंस, तो मग विकत घेतला त्या दिवशी.

पण मग 2017 उघडलं आणि बसूनच राहिले.

तुला आठवतो का तो शनिवार? 15 जुलै. तू तेरा वर्षांचा. बाबा होते तेव्हा. विम्बल्डनची देबेलची फायनल, कुबोत आणि मेलो. बाबा म्हणाले, "अरे याचं नावच मेलो, हा काय जिंकणार!" आणि पुढचे साडेचार तास प्रत्येक हुकलेल्या बॉलला तुम्ही दोघं कोकणी हेल काढून "मेलो रे मेलो" ओरडत होतात. चार सेटमध्ये दोन-दोन. पाचवा संपेचना. 11-11 झाले, तिकडे अंधार पडला, खेळ थांबवून छप्पर बंद केलं. मी म्हटलं आता झोपा, आणि दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने खिचडी गरम करायला गेले. 13-11. तू हॉलमध्ये कुबोतसारखा पाय उडवत कॅनकॅन नाचलास आणि खालच्या आजोबांनी हीटरच्या पाइपवर चमचा वाजवला. त्या सामन्याला 4 तास 39 मिनिटं लागली असं आता वाचलं. मला वाटत होतं रात्रभर चालला होता.

पण मी सांगत होते ते हे नाही. नेटच्या पलीकडे कोण होतं? पाविच आणि माराख. तोच माराख! 2009 मध्ये कुबोतबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलेला, 2009 आणि 2010 अशी दोन वर्षं लागोपाठ वर्षअखेरच्या आठ जोड्यांत त्याच्याबरोबर खेळलेला. त्या रात्री मला हे ठाऊकच नव्हतं. मी नुसतं "आपला कुबोत" बघत होते. आता पुन्हा पाहिलं तर माझं लक्ष सारखं माराखकडेच. ज्याच्या सर्व्हिसला तू वर्षानुवर्षं नेटपाशी पाठमोरा उभा राहिलास, पाठीमागे बोटांच्या खुणा केल्यास, तो समोर. त्याला तुझी प्रत्येक सवय माहीत. तुझा घाबरलेला चेहरा कसा असतो हेसुद्धा.

बघ, पुन्हा तिथेच आले. लिहायला बसताना ठरवलं होतं की जोडीदाराचा विषय माफी मागून संपवायचा.

बरं, पैशाचं बोलू. पंधरा हजार डॉलरची स्पर्धा म्हणजे सगळ्यांचे मिळून पंधरा हजार. त्यातला देबेलचा वाटा लहान, आणि तो परत दोघांत अर्धा. विमानाचं तिकीट सुटत नाही. वरतीही तेच प्रमाण आहे रे. त्या 2017 च्या विम्बल्डनला देबेलच्या विजेत्या जोडीला मिळून 4 लाख पौंड होते, आणि एकेरी जिंकणाऱ्याला एकट्याला 22 लाख. एवढा फरक! आणि कुबोत तेव्हा 35 वर्षांचा होता. तू बाविसाव्या वर्षी एकेरी सोडतोयस. त्याने या वयात सोडली नव्हती. 2009 ला बेलग्रेडला पात्रता फेरीत हरून, कुणीतरी माघार घेतली म्हणून आत गेला आणि थेट फायनलला पोचला. हरला, पण जोकोविचशी आणि त्याच्याच गावात. देबेलही त्याच आठवड्यात जिंकला. एकेरीत 41 पर्यंत चढला. 2013 ला विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोलंडच्याच यानोविचशी हरल्यावर दोघांनी मिठी मारून शर्ट बदलले, ते तर तू भिंतीवर लावलं होतंस. मग तुलाच कसली घाई? आणि पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष का अर्धवट? आपल्या इथलेच देबेलवाले बघ: मात्कोफ्स्की लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात होता. झेलिन्स्की जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळला आणि 2024 ला मिक्स्ड देबेलची दोन ग्रँड स्लॅम घेऊन आला. शिक्षण आड येत नाही कुणाच्या. रोज एक तास पुस्तक उघडलं तर रॅकेट काही गंजत नाही. झोपायच्या आधी फोन बाजूला ठेवत जा. आणि गुडघ्याला बर्फ...

थांबते. ताई म्हणते मी पत्र लिहायला घेतलं की परिपत्रक होतं. माफ कर. तू लहान नाहीस आणि तुझे आकडे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. एकेरीत कुठपर्यंत जाता येईल हे तुला कळलंय, आणि ते स्वतःच्या तोंडाने आईला सांगायला काय लागलं असेल, हे माझ्या शनिवारी दुपारी लक्षात आलं. तू निघून गेल्यावर.

मला एक गोष्ट मात्र समजावून सांग. स्पर्धेत नाव घालताना दोघांच्या क्रमांकांची बेरीज धरतात, बरोबर? म्हणजे तुझा आकडा कितीही चांगला असला आणि त्याचा घसरला, तर दोघंही बाहेर. त्याचा घोटा मुरगळला तर तू ठणठणीत असून घरी. आमच्याकडे याला जॉइंट अकाउंट म्हणतात. आणि जॉइंट अकाउंटचं पुढे काय होतं ते मला विचारू नकोस. (बाबांचा याच्याशी काही संबंध नाही. तू तसं म्हणशील म्हणून आधीच लिहिलं.)

फिर्स्टेनबर्ग आणि मात्कोफ्स्की मला म्हणून आवडतात. दहा वर्षांहून जास्त काळ एकच जोडी. इथल्याच सोपोतच्या मातीच्या कोर्टांवर जिंकायला लागले, 2008 ला माद्रिदला फायनलमध्ये आपल्या भूपतीला आणि नोल्सला सरळ दोन सेटमध्ये हरवलं, 2012 ला पुन्हा माद्रिद. हे नाव तुझ्यापुढे टाकायचं असं ठरवून मी पुढे वाचत गेले, तर 2011 ला अमेरिकन ओपनची फायनल हरले, त्याच वर्षी लंडनची वर्षअखेरची फायनलही हरले. ग्रँड स्लॅम एकही नाही. आणि जो जोडीदार बदलत राहिला त्याच्याकडे दोन! 2014 ला ऑस्ट्रेलियात लिंडस्टेटबरोबर तर जोडी जमून महिनाही झाला नव्हता. मग 2017, मग 2018 च्या जानेवारीत जगात पहिला. मेलोबरोबर चार मोसम, मग फाटाफूट, मग काही महिन्यांत पुन्हा एकत्र. माझे रकाने मलाच उलटे सांगायला लागले तेव्हा लॅपटॉप मिटला.

आणि पुन्हा एकत्र आले, हे कसं काय जमतं, बाळ्या? पहिल्या दिवशी काय बोलत असतील? की बोलतच नसतील, नुसते सर्व्हिसच्या खुणा?

आजीची ती मैत्रीण आठवते तुला? कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिथली. आजीच्या वडिलांचं दूध तिथे जायचं, आजी बैलगाडीत मागे बसून जायची. त्या मुलीने तिला येदेन, द्वा, त्शी शिकवलं. 1948 ला छावणी उठली आणि ती गेली. नंतर पत्र नाही, काही नाही. पण साठ-बासष्ट वर्षांनी आपण पोलंडला निघालो तेव्हा सगळं घर "कुठे चालला तिकडे बर्फात" म्हणत होतं, आणि आजी एकटीच म्हणाली, "जाऊ देत. त्या मुलखातली माणसं चांगली." इथे आली तेव्हा बलोनमध्ये, त्या फुगवलेल्या तंबूतल्या कोर्टावर, लोकरीची टोपी घालून बसायची आणि तू सर्व्हिस टाकशील तशी येदेन, द्वा, त्शी मोजायची. वीसच्या पुढे तिला येत नव्हतं, म्हणून पुन्हा येदेनपासून. तुझ्या जोडीदाराने मग तिला एकवीस शिकवलं. त्याच्या मोज्यांवर तेव्हा वीटमातीचा एवढा थर असायचा की मी दोघांचेही मोजे आपल्याच मशीनमध्ये टाकायचे. तुमचा तो "मॉन्च्का". नावाला पीठ, पण मशीनचा पंप दोनदा बदलला मी.

आता एक कबूल करते. मागच्या महिन्यातला तो ड्रॉ मी ऑफिसच्या प्रिंटरवर काढला आणि फ्रिजवर लावलाय. तू पाहिला नसशील, मी तू यायच्या आधी कॅलेंडरखाली सरकवला. तुमची दोघांची आडनावं आणि मध्ये एक तिरकी रेघ. ऑफिसातल्या बायकांना वाटतं व्रॉत्सवाफचा टेनिसवाला म्हणजे हुर्काचच. त्या विचारतात, तुझा मुलगा हुर्काचसारखा का? मी सांगते, नाही, माझा देबलिस्ता आहे. गेल्या आठवड्यात तिघींना सांगितलं. म्हणजे तुझ्या आधी मीच ठरवून टाकलं होतं म्हण की. मग शुक्रवारी तोंडातून ते का आलं, मला माहीत नाही.

नाही, माहीत आहे. पण ते पत्रात नको.

उद्या तुमचा पहिला सामना किती वाजता? तिकडचं घड्याळ हिवाळ्यात दोन तास पुढे असतं ना? कॅमेरा असेल तर लिंक पाठव. मी ऑफिसात आवाज बंद ठेवून बघीन. नुसत्या खुणा दिसल्या तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. तारांचं रीळ हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर राहिलंय. त्याच्याकडे असेल, त्याच्याकडून घे.