नळीची लांबी नंतर, आधी डोळा तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्ले शूटिंगवर, म्हणजे हवेत उडवलेल्या बशा छऱ्यांच्या बंदुकीने (शॉटगनने) फोडण्याच्या खेळावर, लेख आला होता. त्यातल्या ‘पहिली शॉटगन निवडताना’ या चौकटीचा फोटो माझ्या भाचीने मला पाठवला. ती सांगलीची, सध्या नॉटिंगहॅमला शिकते आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या क्लबात गेल्या हिवाळ्यापासून क्ले शूटिंगला जाते. खाली तिने लिहिलं होतं, “आत्या, पेपरात आलंय की 32 इंची नळीचीच घ्यायची. आपण शनिवारी दुकानात जाऊ या?” मी तिला शनिवारी ये म्हटलं, पण दुकानात नको म्हटलं. त्याचं कारण तिला फोनवर सांगून संपेना, म्हणून हे पत्र.

चौकटीत तीन सल्ले होते. नळी जितकी लांब तितका मारा लांब. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळपणा, जितका आवळ तितका नेम चांगला. आणि पहिलीच बंदूक नामांकित कंपनीची महागातली घ्यावी, म्हणजे पुन्हा घ्यायला नको. पहिले दोन चुकीचे आहेत. तिसरा एखाद्याचे पैसे पाण्यात घालणारा आहे. आणि ज्या एका गोष्टीवर बाकी सगळं अवलंबून असतं, ती बंदूक आपल्या अंगाला बसते का, याबद्दल चौकटीत एक ओळही नव्हती.

मी मूळची मिरजेची. आमच्या चुलत्यांकडे परवान्याची बाराबोर होती. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि आम्ही मुलींनी तिला हात लावायचा नाही हा घरचा कायदा होता. इंग्लंडला येऊन सत्तावीस वर्षं झाली तोवर मी बंदूक हातात धरली नव्हती. पन्नासाव्या वाढदिवसाला मुलाने क्ले मैदानावरच्या एका तासाच्या शिकवणीची भेट दिली. पोलिसांची मान्यता असलेल्या अशा मैदानावर स्वतःचं बंदुकीचं सर्टिफिकेट, म्हणजे परवाना, नसतानाही तिथली बंदूक वापरता येते. त्या तासात 25 पैकी 9 बशा फुटल्या. डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची ती 11 सेंटिमीटरची बशी झाडांवरून सुसाट येते, बार होतो, आणि ती होती तिथे नुसता काळा धूर उरतो. घरी परतताना गाडीत मी एक शब्द बोलले नाही. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑलिंपिकमध्ये शॉटगनचे दोन प्रकार दिसतात, ट्रॅप आणि स्कीट. पॅरिसला 2024 मध्ये आपली महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नारुका यांचं कांस्य चीनविरुद्ध एका बशीने हुकलं, 44 विरुद्ध 43. ते स्कीट होतं. तिथे बशी कुठून निघणार, कुठे जाणार हे ठरलेलं असतं. मी खेळते तो स्पोर्टिंग. हा जंगलात, माळावर, ओढ्याकाठी खेळतात. प्रत्येक ठाण्यावर, म्हणजे बार काढायला उभं राहायच्या जागेवर, बशी वेगळी येते. एखादी डोक्यावरून जाते, एखादी आडवी, एखादी सरळ आभाळात चढते, तर जाड काठाची एखादी सशासारखी जमिनीवरून उड्या मारत पळते. नेहमीच्या बशीखेरीज 90 मिलिमीटरची ‘मिडी’ आणि 60 मिलिमीटरची ‘मिनी’ असते, आणि बहुधा दोन बशा जोडीने येतात. म्हणून ट्रॅपसाठी बनवलेली बंदूक इथे अडचणीची ठरते. ट्रॅपची बशी वर चढत जाते, त्यामुळे ती बंदूक मुद्दाम थोडी वर मारणारी घडवलेली असते. खाली उतरणाऱ्या बशीवर तिने बार काढला की छर्रे वरून निघून जातात. वापरलेल्या बंदुकांच्या दुकानात अशा ट्रॅपच्या बंदुका स्वस्तात दिसतात आणि नवखे लोक फसतात.

आता माझी चूक सांगते. पोलिसांकडे अर्ज केला, अधिकारी घरी येऊन गेले, बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने आवळलेलं त्यांनी हलवून पाहिलं आणि पाच वर्षांचं सर्टिफिकेट आलं. त्याच आठवड्यात मी एका दुकानात गेले. माझी उंची 5 फूट 1 इंच. विक्रेत्याने मला एकदाही बंदूक खांद्याला लावायला सांगितली नाही. “सगळे स्पोर्टिंगवाले हीच घेतात” म्हणून त्याने 32 इंची नळीची, सव्वाआठ पौंडांची ओव्हर-अँड-अंडर, म्हणजे एकावर एक अशा दोन नळ्यांची बंदूक, काढून दिली. मीही कंपनीचं नाव आणि बाजूचं नक्षीकाम बघून भुलले. साडीचा पोत बघून ब्लाउजचं माप न देता परत यावं, तसं झालं.

पुढचे चार महिने फार वाईट गेले. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग. त्याची लांबी, म्हणजे चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर, पावणेपंधरा इंच होतं. बंदूक वर घेताना दस्ता काखेतल्या कपड्यात अडकायचा आणि खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर बसायचा. गाल दस्त्यावर नीट टेकत नसे, त्यामुळे प्रत्येक बाराला दस्ता गालावर आपटायचा. मी दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. एका सोमवारी आमच्या नर्सने मला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं आणि माझ्या गालाकडे, दंडाकडे बघत हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” माझ्या यजमानांनी मला आयुष्यात कधी आवाज चढवून बोललेलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी बंदूक कपाटात ठेवली ती दीड महिना बाहेर काढली नाही.

शेवटी मैदानावरच्या एका ज्येष्ठ बाईंनी मला गन फिटरकडे पाठवलं. शॉटगनचं माप घेणारा हा कारागीर. त्याने पहिल्यांदा बंदूक बाजूलाच ठेवली. म्हणाला, दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करा आणि त्या दूरच्या खांबाच्या टोकाकडे बोट दाखवा. आता डावा डोळा मिटा. मी मिटला तर बोट खांबावरून वीतभर बाजूला सरकलेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी उजव्या हाताची, पण माझा सत्ता चालवणारा, म्हणजे दोन्ही उघडे असताना नेम धरणारा, डोळा डावा! रायफलला पुढे एक आणि मागे एक अशा नेमाच्या दोन खुणा असतात. शॉटगनला मागची खूण नसते. ती जागा नेमबाजाचा डोळा घेतो. बंदूक उजव्या खांद्यावर आणि नेम धरतोय डावा डोळा, म्हणजे नळीचं तोंड डावीकडे वळणारच. माझ्या हातून उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या बशा अधूनमधून फुटायच्या, पण डावीकडून उजवीकडे जाणारी एकही फुटत नसे. का, ते त्या क्षणी कळलं. पहिल्या प्रकारात डावीकडे गेलेला बार आपसूक बशीच्या पुढे पडायचा, दुसऱ्यात मागे. आणि चार महिने मी स्वतःला ‘आपल्याला जमत नाही’ म्हणत होते.

मग त्याने मला चुना फासलेल्या लोखंडी पत्र्यासमोर 16 यार्डांवर उभं केलं. मधल्या खुणेकडे बघत, नेम न धरता, बंदूक खांद्याला लावून बार काढायचा. असे पाच-सहा बार. छऱ्यांचा गठ्ठा खुणेपासून सात-आठ इंच डावीकडे होता. या अंतराचं गणित फिटर लोकांनी बांधलेलं आहे. पत्र्यावर एक इंचाची चूक म्हणजे दस्त्यात सोळांश इंचाचा फरक. उलट बाजूने बघा. दस्ता अंगाला एक अष्टमांश इंच चुकीचा असेल, तर 16 यार्डांवर दोन इंच आणि 32 यार्डांवर चार इंच चुकतं. बशीच सुमारे सव्वाचार इंचांची आहे. एवढ्याशा लाकडाने एवढा फरक पडतो, आणि आपली चौकट नळीच्या लांबीवर थांबते.

माझ्यासाठी दोन मार्ग होते. एक, बंदूक डाव्या खांद्यावर घ्यायची. मग दस्ताही डाव्या बाजूला कललेला लागतो. उजव्या हाताच्या नेमबाजाचा दस्ता किंचित उजवीकडे कललेला असतो, त्यामुळे दुकानातली कोणतीही बंदूक उचलून डाव्या खांद्यावर चालत नाही. दुसरा, चष्म्याच्या डाव्या काचेवर नखाएवढी पुसट चिकटपट्टी लावायची, जेणेकरून नळीचं टोक तेवढं त्या डोळ्याला दिसू नये. विशीतल्या मुलीला फिटर पहिला मार्ग सुचवतो, कारण तिचे हात अजून वळतात. मी दुसरा घेतला. जुनी बंदूक तोट्यात विकली आणि 30 इंची नळीची, साडेसात पौंडांच्या आतली, वापरलेली मिरोकू कंपनीची बंदूक घेतली. दस्ता पावणेचौदा इंचांवर आणला, गाल टेकतो तो भाग चढवून घेतला. दस्त्याच्या कामाचे पैसे वेगळे पडले, पण बंदुकीवर खर्चलेल्या पैशांपैकी तेवढेच सत्कारणी लागले असं मी मानते. मिरोकू जपानमध्ये बनतात आणि ब्राउनिंगच्या बऱ्याच ओव्हर-अँड-अंडर बंदुकाही त्याच कारखान्यातून येतात, हे मला नंतर कळलं.

आता चौकटीतल्या पहिल्या दोन सल्ल्यांबद्दल. लांब नळीने मारा लांब जात नाही. आजच्या काडतुसातली दारू नळीच्या पहिल्या भागातच जळून जाते. 28 इंच काय, 32 काय, छऱ्यांच्या वेगात फारसा फरक राहत नाही. लांब नळीचा फायदा वेगळा आहे. तिचं वजन पुढे असल्यामुळे बंदूक वळवताना मध्येच थबकत नाही. उंच, लांब हातांच्या माणसाला तो उपयोगी पडतो. माझ्यासारखीला शेवटच्या ठाण्यांपर्यंत डावा हात भरून येतो, नळी खाली झुकते आणि बार बशीखालून जातो.

चोक छऱ्यांचा फैलाव ठरवतो. 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात फुल चोकने सुमारे 70 टक्के छर्रे पडतात, हाफने 60 आणि अजिबात चोक नसेल तर 40. ऐकायला फुल चांगला वाटतो. पण स्पोर्टिंगच्या पुष्कळशा बशा 20 ते 35 यार्डांत असतात. तेवढ्यावर फुल चोकचा फैलाव लहान असतो आणि नवख्या माणसाची चूक त्याहून मोठी असते. मी दोन्ही नळ्यांत क्वार्टर चोक घालते आणि चोक बदलायची किल्ली घरी ठेवते. मैदानावर दर ठाण्यावर चोक बदलत बसणाऱ्यांचं लक्ष बशीवर कमी आणि किल्लीवर जास्त असतं, हे मी पाहिलं आहे.

बोअरबद्दल, म्हणजे नळीच्या पोकळीच्या मापाबद्दल (आकडा मोठा तितकी नळी अरुंद), मात्र मुलींच्या आईवडिलांनी नीट वाचावं. “मुलगी नाजूक आहे, 20 बोअर घ्या” असं सगळे सांगतात. 20 बोअरची बंदूक हलकी असते, आणि तेवढेच छर्रे हलक्या बंदुकीतून उडवले की धक्का जास्त बसतो. त्यापेक्षा 12 बोअरच घ्यावी आणि 28 ग्रॅमऐवजी 21 किंवा 24 ग्रॅम छऱ्यांची काडतुसं वापरावीत. ऑलिंपिकमध्येसुद्धा 24 ग्रॅमच चालतात. ज्यांचे खांदे खरंच दुखतात त्यांना गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बाराच्याच गॅसच्या जोराने पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक, सोसते, धक्का बराच मऊ होतो. मी ती घेतली नाही, कारण ओव्हर-अँड-अंडर बिजागरीवर मधून उघडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरून सगळ्यांना दिसतं. लहान मुलं फिरत असतात अशा मैदानावर मला ते दिसणं फार मोलाचं वाटतं.

वापरलेली घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ब्रिटनमध्ये शिशाच्या छऱ्यांवर निर्बंध आणण्याचं सरकारने 2025 मध्ये जाहीर केलं आहे. पुढे पोलादी छर्रे सर्रास होतील, आणि ते शिशासारखे दबत नाहीत, त्यामुळे आवळ चोकच्या नळीला इजा होऊ शकते. नळीवर कमळाच्या कळीसारखी एक फ्रेंच लिलीची मुद्रा असते. ती असली की बंदूक जोरकस पोलादी काडतुसांसाठी तपासलेली आहे असं समजायचं. जुन्या, आवळ चोक कायमचे बसवलेल्या बंदुका सुंदर असतात, पण घेण्याआधी जाणत्या कारागिराला दाखवाव्यात.

माझी विनंती एवढीच की ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, आणि तिच्यात पहिली ओळ डोळा तपासण्याची असावी. बोट दाखवून डोळा मिटायला अर्धा मिनिट लागतो आणि पैसे लागत नाहीत. भाची शनिवारी येते आहे. क्लबच्या बंदुकीने डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या बशा तिलाही फुटत नाहीत, असं परवा बोलता बोलता ती सांगून गेली. तिला मी आधी अंगणात उभं करून समोरच्या चर्चच्या कळसाकडे बोट दाखवायला लावणार आहे.

आपली नियमित वाचक,
मूळची मिरजेची, सध्या लेस्टरशायर, इंग्लंड