चाळिशीत टाईप वन?

संपादक महोदय,

वय 41, अंगानं काटकुळा, रोज सकाळी तळजाई टेकडीवर चालणारा मी, आणि डॉक्टर म्हणतात टाईप वन डायबेटिस. पटेचना, तो तर लहान मुलांचा आजार ना? आधी सहा महिने टाईप टू समजून गोळ्या चालू होत्या, शुगर हटेना, वजन उतरत चाललं, मग दुसऱ्या डॉक्टरांनी जीएडी अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटली का ते बघणारी) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी) अशा दोन टेस्ट सांगितल्या. पहिली पॉझिटिव्ह, दुसरी कमी, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीनं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी संपवत आणल्या होत्या, आणि हे कुठल्याही वयात होतं म्हणे.

तरी मी अडून, कारण इन्सुलिन सुरू केल्यावर डोस इतका कमी लागायला लागला की वाटलं निदानच चुकलं, त्यात सोसायटीतले काका कारल्याचा रस घेऊन दारात हजर! डॉक्टर म्हणाले, उरलेल्या पेशी थोडा काळ पुन्हा बरं काम करतात, याला हनिमून पिरियड म्हणतात, तो कायम टिकत नाही, इन्सुलिन बंद करायचं नाही. (हनिमून, तोही सुई टोचून.) आता फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी इन्सुलिनची पेनं असतात.

आरोग्य पुरवणीत दरवेळी वजन घटवा, भात सोडा एवढंच येतं, मोठ्या वयातल्या टाईप वनवर पण एकदा छापा की.

- एक वाचक, सहकारनगर, पुणे