दादा, रात्रीचा रियाज तुमच्यामुळे सुरू आहे

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय ऑर्केस्ट्राच्या पुढच्या तारखेवर नेता. म्हणून हे पत्र लिहितेय, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. छोट्या घरात राहून बेस गिटार शिकणारे मुंबईत बरेच असतील. तुम्ही मला जे समजावलंत, ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं फार वाटतं.

लालबागची आमची चाळ तुम्ही पाहिली आहे. लाकडी तुळयांवरची जमीन, खोल्यांमध्ये पातळ भिंत, पलीकडे आजारी आजी. आमच्या ह्यांची पहिली पाळी, भाचीची दहावी. मला गिटार हातात घ्यायला मिळते ती भांडी आवरून झाल्यावर, साडेदहानंतर. गणपतीत आमच्याकडे रात्री केवढा आवाज असतो हे तुम्हाला सांगायला नको, पण उरलेलं वर्ष इथली माणसं दमून झोपतात आणि त्यांची झोप मला मोलाची आहे.

"ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) आवाज कमी ठेव की," असं सगळ्यांनीच सांगितलं. तेवढ्याने का भागत नाही, हे मात्र तुम्ही एकट्यानेच सांगितलंत. बेसची सगळ्यात जाड तार, खालचा ई, ४१ हर्ट्झवर वाजते. त्या आवाजाची एक लाट ८ मीटरहून लांब असते. म्हणजे आमच्या अख्ख्या खोलीपेक्षा मोठी. तिला भिंत फारशी अडवत नाही आणि लाकडी जमीन तर सोबत हलते. त्यात आपला कान खालच्या स्वरांना मंद आहे. ४० हर्ट्झचा स्वर नुसता ऐकू यायलाच साधारण ५० डेसिबल लागतात. बोलण्याच्या पट्टीतला स्वर त्याच्या कितीतरी खाली ऐकू येतो. थोडक्यात, मला माझा ई नीट ऐकू येईल इतका आवाज वाढवेपर्यंत खालच्या मजल्यावरची मांडणी वाजायला लागलेली असणार. हे तुम्ही चहाच्या टेबलावर बोट आपटून दाखवलंत, तेव्हाच माझ्या डोक्यातून छोट्या स्पीकरचा विचार गेला. हेडफोनच हवा, हे तिथेच ठरलं.

पण बेसच्या जॅकमध्ये खोचून हेडफोनवर ऐकायचा छोटा ॲम्प कोणता घ्यायचा, ते तुम्ही सांगितलं नाहीत. उलट मलाच विचारलंत: तुझा बेस ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? गाण्याबरोबर वाजवतेस की नुसत्या ठेक्यावर? घरी हेडफोन कोणता आहे? दादा, मला तुमचे आभार मानायचे आहेत ते सगळ्यात जास्त या प्रश्नांसाठी. बाकी सगळे खरेदी सुचवत होते आणि तुम्ही माझा रियाज कसा चालतो ते विचारत होतात.

माझा बेस पॅसिव्ह, त्यात बॅटरी नाही. अशा बेसच्या पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाला, पुढचा इनपुट साधारण १ मेगाओम अवरोधाचा (इम्पिडन्सचा) लागतो. फोनच्या माइकची सोय त्यासाठी केलेलीच नसते. तिथे पिकअपवर भार पडतो, वरची धार निघून जाते आणि तार घोंगडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते. बेस थेट फोनला जोडणाऱ्या, बाजारातल्या स्वस्त कन्व्हर्टर पिनेकडे तुम्ही मला वळूच दिलं नाहीत, ते यासाठी.

ब्लूटूथचं तर तुम्ही गणितच मांडलंत. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज कानापर्यंत यायला १०० ते २५० मिलिसेकंद जातात. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा पाव भाग होतो बरोबर १५० मिलिसेकंद. तार आत्ता छेडायची आणि ती ऐकू येणार पाव मात्रा उलटल्यावर! ज्या वाद्याचं काम लय धरून ठेवणं, ते असं कसं शिकायचं? म्हणून आपलं वाजवणं ऐकायला हेडफोन वायरचाच. फोनवरचं गाणं मात्र ॲम्पमध्ये ब्लूटूथने आलं तरी चालतं, कारण ते थोडं उशिरा पोचलं तरी आपण त्याला ऐकूनच वाजवतो. हा फरक मला आणखी कुणीच सांगितला नव्हता, आणि नवशिक्याचे पैसे वाया जातात ते इथेच असं मला वाटतं.

मग तुम्ही सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर धोबी तलावला आलात. स्वतःचा बेस आणि स्वतःचा हेडफोन बरोबर घ्यायला लावलात, दुकानातला झगझगीत बेस लावून ऐकू दिला नाहीत. व्हॉक्सचा ॲमप्लग बेस, फेंडरचा मस्टँग मायक्रो, बॉसचा कटाना गो, सगळं ऐकलं. कटाना गोमध्ये बेससाठी वेगळा मोड आहे, छोटा स्क्रीन आहे, ट्यूनर आहे; ज्याला वेगवेगळे आवाज घडवायचे आहेत त्याच्यासाठी तो खरंच उत्तम. मस्टँग मायक्रो चार्ज होतो आणि गाणं ब्लूटूथने घेतो. ॲमप्लगमध्ये यातलं फार काही नाही. गेन, टोन, आवाज, गाण्यासाठी वायरीची एक जागा आणि सोबतीला थोडे ठेके. आत सगळं ॲनालॉग, आणि दोन ट्रिपल-ए सेल. शांततेत किंचित खरखर येते, ती मला तिथेच ऐकू आली.

तरी मी ॲमप्लग घेतला आणि आजही त्याच निवडीवर ठाम आहे. रात्री सेल संपले तर नाक्यावरच्या दुकानात मिळतात, चार्जर शोधावा लागत नाही. खोलीत मोकळा प्लग सापडणं हेच आमच्याकडे कठीण. आणि मुख्य म्हणजे जॅकमध्ये खोचला की वाजवायला लागायचं, आधी आवाज निवडत बसायला नको. दिवसाकाठी हाताशी एवढासा वेळ असताना मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हेडफोनबद्दल मात्र तुम्ही हट्टच धरलात आणि तो अगदी योग्य होता. ॲम्पपेक्षा फरक पडतो तो त्याने. कानात घालायच्या इअरफोनची रबरी टोपी कानात घट्ट बसली नाही तर बेस गळून जातो आणि नुसती टिकटिक उरते. पाठ उघडी असलेल्या हेडफोनमधून आवाज बाहेर येतो, म्हणजे शेजारी झोपलेल्या माणसाला त्रास. म्हणून मागून बंद, कान पूर्ण झाकणारा. त्यातही ३२ ओमच्या आसपासचा, कारण दोन सेलवर चालणाऱ्या एवढ्याशा ॲम्पकडून २५० ओमचा स्टुडिओ हेडफोन ओढला जात नाही. आवाज दबकाच राहतो. माझ्याकडे तसा नव्हता, तर तुम्ही घरचा काढून दिलात, "नवीन घेईपर्यंत वापर" म्हणून.

आणि त्या हेडफोनमध्ये मला माझा डावा हात पहिल्यांदा ऐकू आला. खोलीतल्या स्पीकरवर सगळं एकमेकांत मिसळून जातं. इथे ए वाजवताना खालचा ई मागे गुणगुणत राहिलेला स्पष्ट कळतो, बोट उचलताना फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) होणारा खरखराट कळतो, नोट कुठे संपली ते कळतं. तुम्ही नेहमी म्हणता की बेस वाजवणाऱ्याने नोट जितकी मनापासून लावायची तितक्याच मनापासून थांबवायची. पूर्वी ते मला पटायचं, आता ऐकू येतं. आता मी उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर टेकवून ठेवते, रिकाम्या तारा डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी झाकते आणि मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर लावून एकच सुरावट घोळवत बसते. सावकाश वाजवणं सगळ्यात अवघड आहे, दादा. लपायला जागाच नसते.

मोठ्या ॲम्पशिवाय बेसचा खरा आवाज येत नाही, अशी शंका मी काढली होती. तेव्हा तुम्ही बेसवादक जेम्स जेमर्सनचं उदाहरण दिलंत. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्यांचा बेस ॲम्पसमोर माइक न लावता थेट मिक्सरमध्ये जायचा. जुन्या ताराही ते बदलत नसत. तेव्हापासून ॲमप्लगचा टोन मी मध्यावर ठेवते आणि काही फरक करायचा असेल तर बोटांनीच करते.

एक गोष्ट तुम्ही बजावून सांगितलीत, ती इथे मुद्दाम लिहिते. ॲम्प जॅकमध्ये खोचताना आणि काढताना हेडफोन कानावर नको, आवाजाचं चाक शून्यावर हवं. नाहीतर तो 'टप्प' आवाज थेट कानाच्या पडद्यावर आदळतो. खालचे स्वर कानाला टोचत नाहीत, म्हणून आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. वर्षानुवर्षं ड्रमच्या शेजारी उभं राहून तुमच्या डाव्या कानाचं काय झालं, ते तुम्ही मला कसलीही लाज न बाळगता सांगितलंत. त्या मोकळेपणाबद्दलही मनापासून आभार. ते ऐकल्यापासून मी मधे मधे हेडफोन काढून ठेवते.

शेजारच्या आजींना परवा सांगितलं की मी रोज रात्री गिटार वाजवते. त्यांना खरंच वाटेना.

दादा, तुमचा हेडफोन आता परत करायचा आहे. मी तसाच एक घेतला. तुमच्या हेडफोनची फाटलेली कानाची गादी बदलून नवी जोडी बसवली आहे. रविवारी तालमीला घेऊन येते. पाच तारांच्या बेसबद्दलही विचारायचंय: त्याची खालची बी ३१ हर्ट्झची, ती या ॲमप्लगवर कशी ऐकू येते ते तुमच्या बेसवर लावून बघू या का?

तुमची,
लालबागची विद्यार्थिनी