रिकाम्या सीटबद्दल

प्रिय लेकी,
सप्रेम जय भीम.

ट्राम गच्च भरली होती, तरी तुझ्या बाजूची सीट रिकामीच राहिली, असं तू लिहिलंस. आणि लगेच पुढे, ‘मीच जास्त विचार करत असेन.’ पहिलं वाक्य वाचून वाईट वाटलं. दुसऱ्याचा मात्र राग आला. तत्त्वज्ञान शिकायला जर्मनीला गेलेली पोरगी स्वतःच्याच अनुभवाची साक्ष खोटी ठरवते म्हणजे काय!

तू पाठवलेलं फ्रांझ फॅननचं १९५२ चं पुस्तक कापूस वेचणीच्या आधी वाचून काढलं. इंग्रजी जड गेलं, डिक्शनरी उशाशी होती. माणूस काळा, कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सकडून लढलेला, पुढे डॉक्टर. तो म्हणतो, टेबलाच्या दुसऱ्या टोकाचं सिगारेटचं पाकीट घ्यायला हात किती लांबवायचा, हे शरीराला आपसूक कळतं. मग एक गोरं पोर त्याला पाहून घाबरतं, आईला बिलगतं. त्या नजरेनंतर त्याचं शरीर त्याचं राहत नाही. तो स्वतःला बाहेरून बघायला लागतो. आगगाडीत लोक त्याच्यासाठी एक नाही, दोन-तीन जागा सोडायचे, हेही त्यानं नोंदवून ठेवलंय. तुझी सीट त्यात आहे, बघ.

रिकाम्या सीटचा पुरावा नसतो. कोणी शिवी दिली नाही, ढकललं नाही, मग तक्रार कशाची करणार? तिथे तुझा विषय कामी येतो. ड्यू बॉईस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंतानं १९०३ सालीच लिहिलं होतं की अमेरिकेतला काळा माणूस सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःला पाहतो. डबा उघडला तर वास येईल का, मोठ्यानं हसले का, हा हिशेब तू दिवसभर करतेस ना? तो तुझा हळवेपणा नाही. तो हिशेब तुझ्यावर लादलेला आहे.

याच ड्यू बॉईसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले काळे लोक आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेत होते, त्या अर्जाची प्रत हवी होती. उत्तरही आलं. विहारात वर्षावासात मी हे सांगितलं, तर तरुण पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती.

पण फॅननशी माझं एक भांडण आहे. रंग दुरून दिसतो, जात विचारावी लागते. बाबासाहेब नऊ वर्षांचे असताना भाऊ-भाच्यांसोबत मसूर स्टेशनवर उतरले. कपडे चांगले, स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करत होता. महार म्हणून कळलं आणि त्याचा चेहरा पालटला, तो मागे सरला. आपल्याकडे पानठेल्यावर नवा माणूस आला की, ‘कोन्या गावचे? आडनाव काय?’ तेवढ्यात काम भागतं. फॅननच्या बाबतीत नजर आधीच पोचलेली असते. आपल्याकडे उत्तर देईपर्यंत थोडा वेळ मिळतो, आणि त्या वेळातली धाकधूक त्याच्या पुस्तकात मला सापडली नाही. (गोरेपणाचं वेड आपल्याकडेही आहे म्हणा, लग्नाच्या जाहिराती वाच.)

तुझ्या वाट्याला तर दोन्ही आलंय. ट्राममध्ये तुझा रंग बघतात आणि दिवाळीला जमलेली आपलीच देशी मंडळी आडनाव विचारतात. ट्राममधल्या बाईला तुझ्या आडनावाशी घेणं नाही, आणि आडनाव विचारणारा स्वतःही त्याच ट्राममध्ये रिकाम्या सीटशेजारी बसतो! त्याला तिथं काय वाटत असेल? प्रबंधात हे लिही. फॅननचा गोषवारा तर कोणीही लिहील. प्रोफेसर म्हणाले, हा स्वानुभव आहे, तत्त्वज्ञान नाही, तर त्यांना विचार, फॅननने काय केलं होतं?

वेचणीला माणसं मिळेनात, त्यामुळे हे पत्र लांबलं. तुझ्या आईला यातलं अर्धं पटलेलं नाही. ती म्हणते, सीट रिकामी होती तर पोरीनं बॅग ठेवून आरामात बसावं. रविवारी फोन कर, ती तुझ्याशी भांडायला तयार बसली आहे.

तुझा,
बाबा