सेन्सरची परीक्षा आमच्या पावसात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपल्या भागातल्या एका महाविद्यालयाची बातमी वाचली. नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या पदार्थांपासून बनवलेला, विषारी वायू ओळखणारा सेन्सर तिथल्या विद्यार्थ्यांनी तयार केलाय. मुलांचं आणि त्यांच्या सरांचं मनापासून अभिनंदन. बातमीच्या शेवटी ‘हा सेन्सर साखर कारखाने व गटार सफाईसाठी उपयोगी ठरणार आहे’ असं म्हटलंय. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. आयटीआय करून लागलो, प्रेशर गेज आणि कंट्रोल व्हॉल्व्हवर हात बसला, आणि डिस्टिलरी सुरू झाली तसे गॅस डिटेक्टर माझ्याकडे आले. निवृत्तीपर्यंत तेच काम केलं. त्यामुळे हा सेन्सर कुणाच्या कमरेला लागणार आहे आणि त्या माणसाला कुठे उतरायचं आहे, हे मला नीट माहीत आहे.

गळीत हंगाम मार्चच्या आसपास संपतो. मग ऑफ सीझनची कामं निघतात: टाक्या धुणं, मळीच्या टाकीचा तळ खरवडणं, ईटीपीचे (सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्राचे) खड्डे उपसणं. कितीही ठरवलं तरी यातली बरीच कामं जून-जुलैत सरकतात. महिनोन् महिने साचलेल्या सांडपाण्यात हवा नसते. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यात, तर सल्फेट भरपूर. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. वरून शांत दिसणाऱ्या गाळात फावडं घातलं की एकदम उसळून वर येतो.

बी.एस्सी. केलेल्यांना किपच्या उपकरणातून येणारा सडक्या अंड्यांचा वास आठवत असेल. तोच हा वायू. दहा लाख भाग हवेत त्याचा एक भाग, म्हणजे एक पीपीएमसुद्धा, नाकाला कळतो. पण शंभर पीपीएमच्या आसपास गेला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजारापाशी एक-दोन श्वास पुरतात. आमच्याकडे सफाईच्या टोळीत एक वाक्य सर्रास ऐकू यायचं, ‘वास गेला म्हणजे गॅस गेला, चला आत.’ वास गेला तो गॅस वाढल्यामुळे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं. एका कारखान्यात माझ्या ओळखीचा एक हेल्पर असाच खाली उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा धावत गेला, तोही पडला. दोघंही गेले. टाकीच्या तोंडाशी मीटर सोडला नव्हता. कारण काय, तर मीटर कपाटात होता आणि कपाटाची किल्ली असलेला माणूस जेवायला गेला होता.

कायदा कमी नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 36 सांगायचं की सक्षम माणसाने स्वतः तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय अशा टाकीत कुणालाही उतरवू नये. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि दोराचा पट्टा हवा. आठ तासांच्या पाळीत या वायूची सरासरी 10 पीपीएमच्या वर जाऊ नये, अशीही मर्यादा त्यात होती. गटारांसाठी हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. पण हे सगळं मोजण्यावर अवलंबून आहे. मोजायचं साधन महाग असेल तर कारखान्यात ते एकच असतं, आणि एकच असलं की ते कपाटात असतं.

आज कमरेला लावायचे जे मीटर मिळतात, त्यांच्यात हायड्रोजन सल्फाइडसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेल असतो. तो चांगला मोजतो, पण दोन-तीन वर्षांत संपतो, आणि नवा घ्यायचा म्हटलं की खरेदी विभागात फाइल अडकते. रोज उतरण्याआधी ‘बंप टेस्ट’ करायची असते. छोट्या सिलिंडरमधून 25 पीपीएमचा गॅस नळीने मीटरवर सोडायचा, आकडा चढतो का, अलार्म वाजतो का, दिवा लागतो का, ते बघायचं. मिनिटभराचं काम. मी ते कधी चुकवलं नाही, कारण आकडा शून्य दाखवणारा मीटर आणि मेलेला मीटर बाहेरून अगदी सारखेच दिसतात.

म्हणून स्वस्त सेन्सरचं संशोधन मला फार जवळचं वाटतं. माझी पुतणी याच विषयात पीएच.डी. करते आहे. तिच्या प्रयोगशाळेत मी बसून बघितलंय. टिन क्लोराइडचं द्रावण बारीक फवाऱ्याने गरम काचेवर मारायचं, खाली हॉट प्लेट चारशे-साडेचारशे अंशांवर. थेंब काचेला लागायच्या आत पाणी उडून जातं, पांढरा आम्लाचा धूर एक्झॉस्टमध्ये जातो, आणि काचेवर टिन ऑक्साइडचा थर धरतो. थर वाढत जाईल तसा काचेवरचा रंग बदलतो: जांभळट, मग निळसर, मग पिवळा, मग हिरवा-गुलाबी. रंगावरून ती जाडीचा अंदाज सांगते. फवारा मध्येच तुटक आला की काचेवर डाग पडतो आणि ती काच बाद. मग तीच काच तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून पुन्हा तापवायची, की वर कॉपर ऑक्साइडचे कण बसतात. दोन टोकांना चांदीच्या पेस्टने तारा चिकटवल्या की सेन्सर तयार. हात स्थिर लागतो, आणि तिचा तसा आहे.

एवढ्याने भागत नाही, थरात नेमकं काय झालं ते तपासावं लागतं. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना दाखवणारं एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र तिच्याकडे नाही, म्हणून नमुने कधी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातात, कधी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात. दोन्हीकडे केंद्राच्या मदतीने उभी राहिलेली उपकरण केंद्रं आहेत आणि बाहेरच्यांनाही शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. काचा डबीत कापसात ठेवून, डबी मांडीवर घेऊन ती एस.टी.ने सीमेवरचं कोगनोळी ओलांडून जाते, नाहीतर कित्तूरवरून खाली. बेळगावच्या मुलांना दोन राज्यांतली दोन केंद्रं सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत, ही सोय फार थोड्या जिल्ह्यांना असेल, आणि ती भरपूर वापरली जावी.

एक्स-रेच्या या यंत्रातून निघणाऱ्या आलेखावर शिखरं दिसतात. शिखर जितकं रुंद तितका स्फटिक-कण लहान, हा शेररचा नियम 1918 सालचा. सगळ्या नॅनो प्रकरणाचा गाभा हा कणाचा आकारच. टिन ऑक्साइड तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि कणातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. वीज वाहायला इलेक्ट्रॉन कमी पडले म्हणून रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. विषारी वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग करून निघून जातो, इलेक्ट्रॉन कणात परत येतात, रोध घसरतो, आणि आपल्याला आकडा मिळतो. ऑक्सिजनचा हा अंमल कणात साधारण तीन नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) खोल पोचतो. कणच सहा नॅनोमीटरच्या आसपास असेल तर तो आरपार अंमलाखाली येतो आणि संवेदनशीलता एकदम चढते. जपानी संशोधकांनी हे 1991 मध्ये दाखवलं. मुळात असा सेन्सरही जपान्यांचाच: सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडवर आणि तागुची यांनी टिन ऑक्साइडवर 1962 च्या सुमारास सुरुवात केली, आणि घराघरांत सिलिंडर आल्यावर गळतीचे अलार्म त्यातून निघाले. आज बाजारात स्वस्तात मिळणारे एमक्यू मालिकेतले सेन्सर याच घराण्यातले. तांब्याची करामत वेगळी. हायड्रोजन सल्फाइड लागला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, ते धातूसारखी वीज नेतं, आणि रोध एकदम कोसळतो. त्यामुळे नेमक्या याच वायूला हा थर जास्त ओळखतो.

इथपर्यंत सगळं सुंदर आहे. आता माझा मुद्दा.

पुतणीच्या प्रयोगशाळेत चाचणी होते ती स्टीलच्या लहान बंद डब्यात. कोरडी हवा, ठरलेलं तापमान, सिरिंजने मोजून सोडलेला गॅस. शास्त्र समजून घ्यायला ही पद्धत बरोबरच आहे. पण आमच्या टाक्या उघडतात पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात सकाळची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर असते, खानापूरच्या पलीकडे जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारायलाच नको. टिन ऑक्साइडला पाण्याची वाफ हा मोठा शत्रू आहे. वाफ पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या जागा अडवते, स्वतःच इलेक्ट्रॉन देते, आणि गॅस नसतानाही रोध खाली येतो. म्हणजे शून्यच हलतं. खरा गॅस आला तर त्याचा परिणाम आधीपेक्षा कमी दिसतो. टाकीत उतरणाऱ्यासाठी ही दुसरी गोष्ट जास्त घातक.

दुसरी अडचण डिस्टिलरीची. टिन ऑक्साइडला अल्कोहोलची वाफही ओळखीची आहे, आणि आमच्या आवारात ती असतेच. शिवाय सल्फर भट्टीचा धूर. दिवसभर विनाकारण वाजणारा अलार्म कामगार तिसऱ्या दिवशी बंद करून टाकतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्यांना बोल लावणार नाही. तिसरी गोष्ट पुतणीनेच सांगितली. कण जितका लहान तितका तो तापमानावर अस्थिर. सेन्सर महिनोन् महिने तीनशे अंशांवर चालवला की शेजारचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. आज मिळालेली संवेदनशीलता वर्षाने राहीलच असं नाही. कॉपर सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड व्हायलाही वेळ लागतो, म्हणजे एका टाकीवरून लगेच दुसऱ्या टाकीवर गेलं तर काय, हा प्रश्न उरतो.

मी तिला विचारलं, वर्षभर चालवून का बघत नाही? ती म्हणाली, ‘काका, वर्षभर तोच सेन्सर चालवून त्याचा आकडा कसा घसरला ते लिहिलं, तर पेपर कोण छापणार? नवा पदार्थ, नवा आकार लागतो.’ हे ऐकून मला फार वाईट वाटलं. केंद्राने 2007 मध्ये पाच वर्षांसाठी 1000 कोटींचं नॅनो मिशन सुरू केलं, त्यानंतर लहान गावांतल्या कॉलेजांतही हा विषय पोचला. मुलं कष्ट करतात. घसरणारा आकडा हेही ज्ञानच आहे, आमच्या धंद्यात तर तेच पहिलं ज्ञान. कोणता मीटर किती दिवसांनी किती सरकतो हे माहीत असल्याशिवाय आम्ही त्याच्या भरवशावर माणूस उतरवत नाही.

तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापकांना माझी विनंती आहे की प्रबंधातलं एक प्रकरण या घसरणीला द्या. आर्द्रता तीस टक्के, साठ टक्के, नव्वद टक्के धरून मोजा. अल्कोहोलची वाफ मुद्दाम सोडून बघा. आणि विद्यापीठांनी अशा कामाला कमी लेखू नये.

कारखान्यांच्या व्यवस्थापनांना विनंती अशी, की ईटीपीच्या कडेला एक पत्र्याची पेटी लावायला जागा द्या. पेटीत विद्यार्थ्यांचा सेन्सर, शेजारी प्रमाणित मीटर, एक तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि मिनिटामिनिटाची नोंद ठेवणारं साधं सर्किट. दर आठवड्याला बंप गॅस सोडून दोन्हींचा आकडा लिहायचा. विजेचा आणि गॅसचा खर्च कारखान्याच्या हिशेबात दिसणारही नाही. उद्यमबागेतल्या आणि मच्छेच्या फाउंड्रीवाल्यांनीही याचा विचार करावा. ओतकामाच्या वेळी साच्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला तर वासच नाही, आणि तिथल्या धुळीत सेन्सर टिकतो का हेही बघायला हवं. वर्ष पूर्ण होईपर्यंत मात्र कुणाचं टाकीत उतरणं या नव्या सेन्सरच्या आकड्यावर ठरवू नये. दाखला प्रमाणित मीटरवरच, आणि मीटर दोरीने वर, मध्ये, तळाशी असा तिन्ही ठिकाणी सोडून.

आणखी एक. पुढेमागे इथे असं उपकरण तयार झालं तर त्यावरची सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत मोठ्या अक्षरांत असावी. सफाईच्या टोळीत दोन्ही भाषांची माणसं खांद्याला खांदा लावून असतात. ‘वास गेला तरी उतरू नका’ हे पहिलं वाक्य असू द्या.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे सेन्सरचा आकडा प्रमाणित गॅसशी जुळवून घेण्याचं काम मी विनामोबदला करून देईन, जून ते सप्टेंबर कुठेही बोलवा. माझा रेग्युलेटर आणि नळ्या अजून चांगल्या आहेत, गॅसचा सिलिंडर मात्र कॉलेजला किंवा कारखान्याला घ्यावा लागेल. माझा पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. ज्या प्राध्यापकांना किंवा कारखान्याला पेटी लावायची असेल, त्यांना तो कृपया कळवावा.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक,
ता. खानापूर, जि. बेळगाव